रॉकीवर चालणारं रीड आयवॉर्पवर कनेक्शनच तोडतंय, परवानगी कुठे कमी पडतेय?

रात्रपाळी (प्रश्न)

तीन वर्षं बिनबोभाट चाललेला कोड आहे. स्टोरेजचा छोटा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम), सी भाषेत, लिबआयबीव्हर्ब्स आणि आरडीएमए-सीएम या लायब्रऱ्यांवर. आरडीएमए म्हणजे नेटवर्क कार्डानं दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट वाचणं-लिहिणं. क्लायंट सेंड करून सांगतो की बफरचा पत्ता हा, आर-की (समोरच्यानं वापरायची त्या मेमरीची चावी) ही. मग सर्व्हर आरडीएमए रीड टाकून तिथला डेटा ओढून घेतो. सर्व्हरकडे १ जीबीचा एकच पूल आहे. तो सुरुवातीलाच कार्डाकडे रजिस्टर होतो आणि सगळ्या क्लायंट्सच्या रीड्स त्यातच उतरतात.

पूलचा ॲक्सेस १, म्हणजे नुसतं लोकल राइट. क्लायंटच्या बफरचा ४, म्हणजे रिमोट रीड. इन्फिनीबँडवर चाललं, रॉकीवर (इन्फिनीबँडचाच ट्रान्सपोर्ट, पण इथरनेटवरून) चाललं.

आता एका ठिकाणी आयवॉर्प (टीसीपीवरून आरडीएमए) कार्ड आली. कनेक्शन लागतं, सेंड-रिसीव्ह छान होतात, पण पहिलं रीड टाकलं की कनेक्शन गेलं. कम्प्लिशन क्यूमध्ये (संपलेल्या कामांच्या नोंदीत) एक एरर आणि मागोमाग स्टेटस ५ ची रांग, म्हणजे उरलेलं सगळं फ्लश. डोळ्यांपुढे रीड पडतंय म्हटल्यावर मी क्लायंटच्या मागे लागलो. त्याचा ॲक्सेस ४ चा ५ केला, मग ७ केला (१, ४ आणि रिमोट राइटचे २, तिन्ही मिळून). क्यूपीचे (क्यू पेअर, म्हणजे कनेक्शनच्या एका टोकाच्या रांगांची जोडी) ॲक्सेस फ्लॅग छापून बघितले, आर-की दोन्ही टोकांना ताडून बघितली. दोन रात्री गेल्या, फरक शून्य. रिमोट रीडची परवानगी दिलेली असताना रीड का नाकारलं जावं?

तात्पुरता

दोन्हीकडे ७ टाका आणि मोकळे व्हा. आमच्याकडे तसंच आहे, कधी तक्रार आली नाही.

जुनीवायर

तुम्ही चुकीच्या टोकाला शोधताय. ज्याच्याकडून वाचताय त्याची परवानगी बरोबरच होती. कमी पडतेय ती वाचणाऱ्याची, म्हणजे तुमच्या पूलची. आयवॉर्पमध्ये रीडचा डेटा ज्या बफरमध्ये उतरतो त्याला रिमोट राइट लागतं.

ऐकायला उलटं वाटतं, पण तारेवर काय जातं ते बघा. इन्फिनीबँडच्या रीड विनंतीत फक्त समोरच्याचा पत्ता, आर-की आणि लांबी असते. डेटा आपल्याकडे कुठे ठेवायचा हे आपलं कार्ड स्वतःच्या क्यूपीत लक्षात ठेवतं आणि उत्तराची पॅकेट्स क्रमांकावरून जुळवतं. आपली एल-की (आपल्या बफरची आपल्यापुरती चावी) घराबाहेर पडत नाही, म्हणून लोकल राइट पुरतं. रॉकीनं खालची वायर बदलली, वरचा ट्रान्सपोर्ट तोच ठेवला, म्हणून तिथेही तुमचं निभावलं.

आयवॉर्पचं घराणं वेगळं आहे. टीसीपीवर एमपीए, त्यावर डीडीपी, त्यावर आरडीएमएपी असे प्रोटोकॉलचे थर, हे २००७ चे आरएफसी ५०४४, ५०४१ आणि ५०४०. इथे रीड विनंतीत दोन एसटॅग (रजिस्टर केलेल्या मेमरीची ओळख) जातात, स्रोताचा आणि सिंकचा, म्हणजे डेटा जिथे उतरतो त्या बफरचा. समोरचा उत्तर पाठवतो ते तुमचाच सिंक एसटॅग आणि ऑफसेट डोक्यावर लावून. डीडीपीच्या पातळीवर ते उत्तर आणि साधं आरडीएमए राइट एकाच साच्याचे असतात: टॅग केलेला तुकडा आला, एसटॅग बघ, हक्क बघ, ठेव. बाहेरून येऊन मेमरीत लिहिणं म्हणजे रिमोट राइट. तो हक्क नसला की टर्मिनेट हा संदेश जातो आणि कनेक्शन संपतं.

तेव्हा पूलला १ ऐवजी ३. नुसते २ देऊ नका, लोकल राइटशिवाय रिमोट राइट रजिस्टरच होत नाही. क्लायंटचे ४ आहेत तसे राहू द्या.

आता ते ७. सर्व्हरच्या पूलला ७ दिलं तर रिमोट रीडही उघडतं, ज्याची तुम्हाला गरजच नाही. ३ दिलं तरी तुमच्या रचनेत भोक आहेच. पूल एक, पीडी (प्रोटेक्शन डोमेन, मेमरी आणि क्यूपींना एकत्र बांधणारं कुंपण) एक, आणि प्रत्येक रीडबरोबर त्या पूलचा एसटॅग एकेका क्लायंटच्या हातात जाणार. क्लायंट 'क'नं ठरवलं तर तो 'ख'च्या डेटावर राइट टाकू शकतो. एसटॅग ३२ बिटांचा असतो, त्यात २४ बिटांचा इंडेक्स आणि ८ बिटांची की. त्याला पासवर्ड समजू नका, आणि इथे तर तो तुम्ही स्वतःच पाठवताय.

मी करीन ते असं: आयवॉर्प असेल तेव्हा प्रत्येक कनेक्शनला वेगळी पीडी आणि तिच्यात रीड उतरवायला छोटासा वेगळा भाग. एका पीडीचा एसटॅग दुसऱ्या पीडीच्या क्यूपीवर चालत नाही. तिथे डेटा उतरला की मुख्य पूलमध्ये कॉपी, आणि चेकसम कॉपीवर काढायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. उतरलेल्या जागी चेकसम तपासून मग कॉपी केलीत, तर मधल्या क्षणात क्लायंट तीच जागा बदलू शकतो, कारण राइटचा हक्क अजून उघडाच आहे. कर्नलमध्ये असता तर प्रत्येक रीडपुरतं फास्ट रजिस्टर करून नंतर इनव्हॅलिडेट केलं असतं, म्हणजे हक्क काढून घेतला असता, आणि कॉपी टळली असती.

खिडकीवाला

वरच्या उत्तरात एकच भर. कोडमध्ये ठिकठिकाणी 'आयवॉर्प असेल तर' लिहीत बसू नका. रजिस्टर करणाऱ्या फंक्शनला परवानगी न सांगता उद्देश सांगा: हा बफर रीडचा सिंक आहे, हा समोरच्यानं वाचायचा आहे, हा नुसता सेंडचा आहे. उद्देशावरून फ्लॅग काढणं एकाच जागी होऊ द्या. विंडोजच्या नेटवर्क डायरेक्टमध्ये (तिथला आरडीएमएचा इंटरफेस) हे आधीपासून आहे. रजिस्टर करताना 'रीड सिंक' असा वेगळा फ्लॅग देतात, आणि ज्या कार्डाला त्याची गरज नाही ते तसं कळवतं. लिबफॅब्रिक या लायब्ररीत एफआय-रीड हा फ्लॅग दिला की त्याचा व्हर्ब्स प्रोव्हायडर लोकल राइट लावतो आणि आयवॉर्प दिसलं तरच रिमोट राइट जोडतो.

आणि मेमरी विंडो वापरून बघा असं कुणी सुचवेल, त्याआधीच सांगतो. माझं नाव त्यावरूनच असलं तरी इथे त्या नकोत. समोरच्याला हक्क देऊन स्वस्तात काढून घ्यायला त्या उत्तम, पण तुमचा प्रश्न पीडी वेगळी केल्यावर सुटतो.

रात्रपाळी

पूलला ३ केलं, पहिल्याच फटक्यात रीड आलं. दोन रात्री मी समोरच्याचं दार तपासत होतो आणि कडी माझ्याच घराला होती.

मग उत्साहात अजून एक चूक केली. आयवॉर्प ओळखायला लिंक-लेयर बघितला. तो 'इथरनेट' असेल तर रिमोट राइट जोडायचं, असं. चाचणी पास. नंतर लक्षात आलं की रॉकीचाही लिंक-लेयर इथरनेटच सांगतो, म्हणजे गरज नसताना तिकडेही हक्क उघडला! आता ट्रान्सपोर्टचा प्रकार बघतो. आयबीव्ही-डेव्हइन्फो या कमांडमध्ये रॉकीला 'इन्फिनीबँड (०)' आणि आयवॉर्पला 'आयवॉर्प (१)' येतं.

वेगळ्या पीडीचं काम चालू आहे. पण आता मोठी रीड्स पडतायत. मी एका रीडचा डेटा चार तुकड्यांत उतरवत होतो.

जुनीवायर

मूळ तेच. रीड विनंतीत सिंकच्या एसटॅगला एकच जागा आहे, चार कुठून मावतील? डिव्हाइसचा मॅक्स-एसजीई-आरडी (एका रीडला किती तुकडे चालतात) बघा, बहुधा १ असेल. सलग बफर घ्या नाहीतर चार रीड टाका.

आणि क्लायंटला त्या दोन रात्रींत घाईनं दिलेले ७ परत ४ केलेत का?

रात्रपाळी

आत्ता बघितलं. केले नव्हते.