वयाचं, की आणखी कशाचं? अनुभव लिहा

साठी बुद्धी नाठी म्हणून आपण बरंच काही सोडून देतो. कधी ते वयाचंच असतं, कधी कानाचं, कधी गोळ्यांचं, कधी आजाराची सुरुवात. तुम्हाला कशावरून कळलं? स्वतः ज्येष्ठ असाल तर आधी तुम्ही लिहा. उपदेश नको, घडलेलं लिहा.

*

वय ७४. नावं अडतात. समोरचा माणूस कुठे नोकरीला होता, त्याचं कुणाशी भांडण झालं होतं, सगळं आठवतं, नाव तेवढं नाही. अर्ध्या तासाने दाढी करताना आपोआप येतं. डॉक्टर म्हणाले, साठा शाबूत आहे, काढायला वेळ लागतो. शब्दकोडं अजून नातवाच्या आधी सोडवतो. घड्याळ लावलं की मात्र तो जिंकतो. विनंती एकच. मी शब्द शोधत असताना वाक्य पुरं करू नका. तुमच्या सुचवण्यात माझा आलेला शब्द पळतो.

*

बाबा चारचौघांत गप्प बसायला लागले. विचारावं एक, उत्तर भलतंच. 'सात वाजले' म्हटलं तर स्वतःचे हात बघायचे! आम्ही धसका घेतला. निघाला कानाचा प्रश्न. उतारवयात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, आणि स, श, फ ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ओरडून उपयोग नसतो, समोर बसून सावकाश बोलल्याने होतो. मशीन लावल्यावर सुरुवातीला भांड्यांच्या आवाजाने वैतागले, मग रुळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात श्रवणदोष आहे. तेव्हा 'मशीन कशाला, म्हातारा दिसतो' हे ऐकून घेऊ नका.

*

सासूबाई, ८१. दोन दिवसांत माणूस बदलला. भिंतीवर मुलं दिसायला लागली, मलाच आई म्हणायला लागल्या, रात्री जास्त. येणारा जाणारा 'डिमेन्शिया', म्हणजे स्मृतिभ्रंश, म्हणून मोकळा. रक्त तपासलं तर सोडियम घसरलेलं; रक्तदाबाच्या गोळीमुळे. गोळी बदलली, उपचार झाले, पूर्ण ताळ्यावर यायला काही आठवडे गेले. डिमेन्शिया बहुधा महिनोन् महिने सरकत येतो. दोन दिवसांत आलेला गोंधळ लघवीच्या संसर्गानेही होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सोमवारची वाट बघू नका.

*

आमच्याकडे सर्दीची झोप आणणारी गोळी. बंद केली, आजोबा पुन्हा माणसात.

*

आमच्याकडे मात्र आजारच होता. यांचं आयुष्य हिशेबात गेलं. चेकवर रक्कम आकड्यात लिहिली आणि अक्षरात लिहिताना पेन तसंच धरून बसले. विसरणं नंतर दिसलं, आधी हिशेब सुटला. पैसे, औषधं, प्रवास अशी गुंतागुंतीची कामं आधी जातात. आंघोळ, कपडे, जेवण बरंच नंतर. तपासणीत घड्याळ काढून 'अकरा वाजून दहा मिनिटं' दाखवायला सांगितलं. वर्तुळ सुरेख काढलं, आकडे नीट लिहिले, आणि एक काटा अकरावर, दुसरा थेट दहावर. मी शेजारीच बसले होते. काय बोलणार?

आता 'आठवतंय का?' विचारणं बंद केलंय. एका वेळी एकच गोष्ट सांगते. पण कुणी लाडेलाडे, बाळाशी बोलावं तसं बोललं की हे हात झटकतात. बरोबरच आहे त्यांचं.

*

काकू चालता चालता बोलायला लागल्या की थबकतात. आम्हाला गंमत वाटायची. फिजिओथेरपिस्टना नाही वाटली. बोलायला थांबावं लागणारे ज्येष्ठ जास्त पडतात, हे १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आता जिन्यावर गप्पा बंद, आधी कठडा.

*

मी लांब राहतो, बहीण आईजवळ. ती म्हणायची काहीतरी बिनसलंय. मी म्हणायचो, फोनवर तर ठणठणीत बोलते. 'बरी आहे, तू कसा आहेस, मुलं काय म्हणतात' ही घडी घातलेली वाक्यं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात, दहा मिनिटं सहज निभतात. राहायला गेलो तेव्हा तिने एका दुपारीच मला तोच प्रश्न कितीदा तरी विचारला. आता फोनवर 'कशी आहेस' विचारत नाही. 'सकाळपासून काय काय केलंस' विचारतो, आणि बहिणीकडून पडताळून घेतो.