आजीचा अडकित्ता निघाला गोळ्या ओतायचा साचा

चरईकर

नमस्कार मंडळी. मुरबाडकडचं आमचं जुनं घर उतरवायला घेतलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक गंजलेली लोखंडी वस्तू सापडली. आई म्हणाली, हा तर तुझ्या आजीचा हरवलेला अडकित्ता. लगेच सुपारी धरून पाहिलीनही. सुपारी अर्धी कापली गेली आणि तिथेच अडकली.

ठाण्याला आणून नीट पाहिली. दोन दांडे, पुढे दोन जाड जबडे. प्रत्येक जबड्यात अर्धा गोल खळगा, मिटले की आत पूर्ण गोल. वरून एक बारीक भोक. दांडे जुळतात त्या खिळीजवळ धार आहे, सुपारी तिथेच अडकली होती. जबड्यावर '१६' ठोकलेलं आहे, बाकी काही अक्षर नाही. ऑफिसातल्या व्हर्नियरने खळगा मोजला, १६.८ मिलिमीटर भरला.

आजोबांकडे शेतराखणीची परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते गेल्यावर बाबांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घरात आहे. म्हणजे हा गोळ्यांचा साचा का? साफ कसा करू? घरात ठेवला तर चालतो का? आणि अमेरिकेत असल्या वस्तूंना चांगली किंमत येते म्हणे, खरं का?

टूलरूमवाला

चरईकर, साचाच आहे. वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं साचेच केले, प्लॅस्टिकच्या बादलीपासून स्विचच्या बटणापर्यंत. वर्णन वाचून हात शिवशिवले.

आधी तो १६. तो मिलिमीटर नाही, इंच नाही, नगांचा आकडा आहे. एक रतल शिशात जितक्या गोळ्या बसतील तितक्या नंबरचा साचा. रतल म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भागिले १६, म्हणजे २८.३५ ग्रॅमची एक गोळी. शिशाची घनता ११.३४ धरा, गोळीचं आकारमान अडीच घनसेंटिमीटर येतं. त्या गोलाचा व्यास काढा: १६.८ मिलिमीटर. तुमचं व्हर्नियर आणि ते ठोकणारा लोहार, दोघंही बरोबर. १२ बोअरची बंदूक म्हणतात ती याच हिशेबाने, म्हणून बोअरचा आकडा लहान तितकी नळी मोठी. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा किंचित बारीक ठेवून चिंधीत गुंडाळून ठासायचे. तुमच्या आजोबांची नळी या गोळीपेक्षा केसभर मोठी असणार.

वरचं भोक ते शिसं ओतायचं. ओतल्यावर तिथे एक शेपूट उरतं, ते खिळीजवळच्या धारेत धरून कापायचं. म्हणजे अडकित्ता म्हणणाऱ्या आईंचं फार चुकलेलं नाही!

आता मी या विषयात कसा, ते सांगतो. मुलगी ओहायोत असते. दोन वर्षांपूर्वी सहा महिने तिच्याकडे होतो. पलीकडच्या घरात ऐंशीच्या घरातले एक आजोबा. त्यांच्या गॅरेजमध्ये लेथ दिसली आणि मी कुंपण ओलांडलं. मुलगी ओरडली, "बाबा, इथे असं कुणाच्या आवारात शिरायचं नसतं." पण लेथवाल्याला लेथवाला ओळखतो.

त्यांच्याकडे आयडियल कंपनीचा शंभरेक वर्षं जुना साचा होता, लांबट रायफलच्या गोळीचा. ही कंपनी कनेक्टिकटची, १८८४ सालची, १९२५ साली लायमन या दुसऱ्या कंपनीने घेतली. साच्यावर ३०८२४१ असा आकडा. पहिले तीन अंक व्यास, इंचाच्या हजारांशात, पुढचे नमुन्याचे. मी चष्मा सरकवून कडा पाहिल्या. शंभर वर्षांनंतरही दोन अर्धे मिटले की मध्ये उजेड दिसत नव्हता. आमच्या इथे तीन महिन्यांत साचा फ्लॅश मारायला (फटीतून कडेला पापुद्रा सोडायला) लागला की ऑपरेटरला शिव्या बसायच्या.

मग दोघं ओतायला बसलो. पहिल्या दहाएक गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, वाळलेल्या आवळ्यासारख्या. साचा थंड होता. तापल्यावर चकचकीत निघाल्या, जास्त तापला तेव्हा दवाने धुरकटलेल्या काचेसारख्या. खराब सगळ्या परत भांड्यात. ओतकामात एवढी माफी दुसरीकडे मिळत नाही.

धातू कोणता, यावर ते तासभर बोलले. निव्वळ शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण नखाने ओरखडा पडेल इतकं मऊ. कथील घातलं की साच्याचे कानेकोपरे भरतात, अँटिमनीने कडकपणा येतो. त्यांचं आवडतं मिश्रण ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी. आणि त्यातलं अँटिमनी कुठून, तर जुन्या छापखान्याच्या खिळ्यांतून, म्हणजे अक्षरांच्या ठशांतून! आपल्याकडेही ऑफसेट आल्यावर पोत्यांनी खिळे भंगारात गेले. तिथल्या म्हाताऱ्यांनी ते तिजोरीत ठेवावेत तसे ठेवलेत.

एवढा खटाटोप का, तर गोळीच्या वेगामुळे. काळ्या दारूच्या काळात शिशाची गोळी पुरे होती. १८७१ची मार्टिनी-हेन्री रायफल १२ भाग शिसं, १ भाग कथील अशी ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅमची) गोळी कागदात गुंडाळून मारायची. १८८६ साली फ्रेंचांनी बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल आणली, वेग वाढला, आणि शिसं नळीतल्या आट्यांवर सोलून निघायला लागलं. म्हणून गोळीला तांब्या-निकेलचं कवच आलं. आजही घरी ओतलेली गोळी मारणारे वेग कमी ठेवतात, गोळीवरच्या खाचांत मधमाशीच्या मेणाचं वंगण भरतात, आणि गोळी नळीच्या मापापेक्षा एक-दोन थाऊ (इंचाचे हजारांश) जाड ठेवतात. बारीक राहिली तर मागचा गरम वायू बाजूने निसटतो आणि शिसं नळीला लेपतो. मग ब्रश घेऊन बसा घासत. मी मायक्रोमीटर लावला: साच्यावर ३०८, गोळी तीनशे साडेनऊ. आजोबा टाळ्या वाजवायचे बाकी होते.

नंतर नेमबाजीच्या रेंजवर गेलो, तिथे मी बंदुकीला हात लावला नाही, पाहुण्याच्या व्हिसावर ते नियमात बसत नाही. त्यांनी १८९४च्या नमुन्याच्या विंचेस्टर रायफलमधून पन्नास यार्डांवर पाच मारल्या. चार चहाच्या बशीत मावतील अशा, पाचवी भलतीकडेच. ती मी ओतलेली होती असं त्यांचं म्हणणं. पुरावा नाही.

साफसफाई: रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवा, मग पितळी ब्रश. पॉलिश पेपर अजिबात नको, खळग्याच्या कडा गोल झाल्या की साचा मेला. खिळीत पातळ तेल. आतला राखाडी थर शिशाचा असतो, हातमोजे घाला आणि हात धुतल्याशिवाय चहा नको. शिसं ओतून बघायचा मोह होईल, ते करू नका. गोळीच बघायची असेल तर पीओपी ओता. गणपतीच्या कारखान्यातून मूठभर मागून आणा.

कोर्टनाका

काकांशी सहमत, ओतू नका, आणि त्याला कायद्याचं कारणही आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, आणि तयार करायला परवाना लागतो. 'घरी गंमत म्हणून' हा बचाव होत नाही. दुसरीकडे कलम ४५ मध्ये सूट आहे: जोडीच्या बाकी भागांबरोबर वापरायचा हेतू नसलेले किरकोळ भाग. तुमची बंदूक जमा झालेली, पावती हातात, म्हणजे साचा यात बसावा असं माझं मत. पण मत माझं आणि शिक्का त्यांचा. फोटो आणि पावतीची प्रत जोडून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला एक साधं पत्र द्या, पोच घ्या.

अमेरिकेचं विसरा. वस्तू शंभर वर्षांपलीकडची निघाली तर १९७२चा पुरावशेष कायदा लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

दिवाळेकर

आमच्या बेलापूरच्या कोळीवाड्यात जाळ्याला लावायची शिशाची वजनं घरीच ओतायचे. माझ्या मामाने एकदा पावसाळ्यात ओल्या साच्यात ओतलं. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि शिसं छपराला जाऊन चिकटलं. मामाच्या मनगटावर अजून डाग आहे. आणि हो, जुन्या बॅटरीच्या प्लेटा कुणी वितळवत असेल तर लांब पळा, त्यातून विषारी वायू निघतो.

चरईकर

सगळ्यांचे आभार. पत्र देऊन आलो. तिथल्या हवालदारसाहेबांनीही आधी अडकित्ताच म्हटलं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते खूप आहेत, तिथे द्या म्हणाले.

काका, पीओपीची गोळी केली. पहिली फुटली, दुसरी नीट निघाली, १६.७ भरली. ती सध्या टीव्हीशेजारी आहे. आई मात्र रुसलीय. खरा अडकित्ता कुठे गेला, ते अजून कळलेलं नाही.

टूलरूमवाला

१६.७ कशी? साच्यात तेल राहिलं असणार. पुसून पुन्हा ओता.