मुलगी चर्चच्या ग्रुपबरोबर तिहुआनाला घर बांधायला जाते म्हणतेय, पाठवू का?

नगरची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, गेली नऊ वर्षं अमेरिकेत सॅन डिएगोजवळ राहतोय. इथल्या चर्चचा यूथ ग्रुप दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत बॉर्डरपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातो आणि तीन दिवसांत एका कुटुंबाला घर बांधून देतो. यंदा आमच्या १६ वर्षांच्या कन्येने आम्हाला न विचारताच नाव घालून टाकलंय. २२ मुलं, ५ मोठी माणसं, मुलांना माणशी ४५० डॉलर. पैसे जमवायला ही पोरं लोकांच्या गाड्या धुतायत आणि मी दोन रविवार उपासनेनंतर समोसे विकलेत, म्हणजे तशी मीही अडकलेच आहे यात.

पण जीव घाबरतो हो. तिहुआना म्हटलं की बातम्यांत काय काय येतं. शिवाय हिने घरात कधी केरसुणी हातात धरली नाही, ही घर काय बांधणार? नगरला सासूबाईंना सांगितलं तर त्या एकदम खूष, म्हणाल्या १८३१ पासून अमेरिकन मिशनवाले आपल्याकडे येऊन शाळा दवाखाने बांधत होते, आता आपली नात निघाली बांधायला, जाऊ दे तिला. आता त्यांच्यापुढे काय बोलणार! आम्हा तिघांचं ग्रीन कार्ड आहे. कोणी पाठवलंय का मुलांना?

बापू_चुलाविस्टा
ताई, माझा मुलगा दोनदा जाऊन आलाय आणि दुसऱ्या वेळी व्हॅन चालवायला माणूस नव्हता म्हणून मीही गेलो होतो. आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही ओरिजिनल बरोबर हवेत, ग्रीन कार्डवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. दोघांपैकी एकही पालक बरोबर नसेल तर दोघांच्या सहीचं संमतीपत्र नोटरी करून द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा कारण गंजके खिळे पायात जातात, आणि इथला हेल्थ इन्शुरन्स बहुतेक वेळा पलीकडे चालत नाही तेव्हा ग्रुपने वेगळा काढलाय का ते विचारा. गाडीचंही तसंच, मेक्सिकन इन्शुरन्स वेगळा लागतो. नळाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही, दात घासतानासुद्धा. सेफ्टीचं म्हणाल तर रात्री कॅम्पच्या बाहेर पाय ठेवायचा नाही हा नियम आमच्याकडे कडक होता, तुमच्याकडे आहे का विचारा आणि स्टेट डिपार्टमेंटची, म्हणजे अमेरिकन परराष्ट्र खात्याची, बाजा कॅलिफोर्नियासाठीची (तिहुआना याच राज्यात आहे) प्रवास सूचना स्वतः वाचा.

आता घराचं. ते घर म्हणजे आपल्या डोक्यात असतं तसं नाही, १६ बाय २० फुटांच्या दोन खोल्या, खाली काँक्रीटचा कोबा, वर लाकडी सांगाडा. काँक्रीट कालवायला मिक्सर नव्हता, प्लायवूडवर वाळू, खडी, सिमेंट ओतून पोरं फावड्याने कालवत होती, अकरा वाजेपर्यंत सगळ्यांच्या हाताला फोड. भिंतीला काळा डांबरी कागद, त्यावर जाळी आणि जाळीवर गिलावा. ती जाळी म्हणजे आपल्याकडे कॉलम आणि विटांच्या सांध्यावर प्लास्टरच्या आधी मारतात ना चिकन मेश, तीच.

आणि आधीचं घर कशाचं होतं माहितीये? गॅरेजच्या दारांचं! आपण सॅन डिएगोत जुनं गॅरेज डोअर काढून नवं बसवतो ना, ती जुनी दारं ट्रकने पलीकडे जातात आणि तिकडे भिंती होतात. उतारावर माती धरायला जुन्या टायरांचे बांध. नळ नाही, पाण्याचा टँकर येतो, त्याला पीपा म्हणतात, तो दारातलं पिंप भरून जातो. नगरकरांना टँकर मी काय समजावणार म्हणा.

सिमेंटवाला
कडू बोलतो, राग मानू नका. पुण्यात २० वर्षं साइटवर काढलीत. २२ गुणिले ४५० म्हणजे ९,९०० डॉलर. तिहुआनात गवंडी, सुतार मिळत नाहीत का? आपली पोरं तिथे जाऊन जे काम तीन दिवसांत करतात ते तिथले चार कारागीर नीट करतील आणि त्यांची चूलही पेटेल. ज्याला ओळंबा कसा धरायचा माहीत नाही त्याने भिंत उभी करायची आणि त्यात कोणीतरी बायकोपोरांसकट राहायचं, हे मला पटत नाही. माझा भाचा असाच एका देशात शाळा रंगवायला गेला होता (देशाचं आणि ग्रुपचं नाव घेत नाही), तर त्या भिंतीवर आधीच्या ग्रुपचा रंग अजून पुरता वाळला नव्हता.

बापू_चुलाविस्टा
साहेब, मुद्दा मान्य, पण ९,९०० मध्ये सामान पण आलं, जेवणखाण आलं, आणि पोरं जाणार नसती तर हे पैसे जमले असते का? कोणी दिले असते? आमच्याकडे ओळंबा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) सगळं एका तिथल्याच मिस्त्रीच्या हातात होतं, पगारी माणूस. त्याने ३-४-५ चा गुण्या दोरीने आखून दाखवला तेव्हा माझ्या मुलाला पायथागोरस पहिल्यांदा कळला, शाळेत मार्क मिळूनही कळला नव्हता. आमची पोरं बिगारी. हेल्पर. तेवढंच.

मावळकर
२००६ आठवलं. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, आमच्या मळवलीला लोणावळ्याच्या अलीकडे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आले होते, वय ८२, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेची १०० घरं बांधायला, देशोदेशीचे लोक. पुण्यात शूटिंगला आलेला ब्रॅड पिटपण येऊन गेला. मी तेव्हा कॉलेजात, मराठी-इंग्रजी दुभाषा म्हणून घेतलं होतं. गोऱ्या आजीबाई घमेलं उचलायच्या आणि गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या कारण त्या आजीबाई घमेलं डोक्यावर न घेता पोटाशी धरायच्या.

पण एक गोष्ट लक्षात राहिली. त्या घरांत जे राहणार होते ते स्वतः तिथे राबत होते आणि घर फुकट नव्हतं, बिननफ्याच्या कर्जाचे हप्ते होते. त्यामुळे कोणी कोणाचे पाय धरायला आलं नाही. ताई, तुमच्या चर्चला हे विचारा: जमीन कोणाच्या नावावर आहे, कागद बघितलाय का? तिहुआनात कारखान्यात काम करणारी माणसं प्लॉट हप्त्याने घेतात, त्यात घोळ असला तर घर जाईल. कुटुंब कोणी निवडलं, तिथल्या चर्चने की इथून? आणि पावसात छत गळलं तर फोन कोणाला करायचा? ही उत्तरं पाळकांनी अडखळत दिली तर समोशाचे पैसे परत मागा.

सिमेंटवाला
हे बरोबर. अशी चौकशी करून जात असतील तर माझं काही म्हणणं नाही. हातमोजे चामड्याचे घ्या, ते कापडी एका दिवसात फाटतात.

घरकोंबडा
एच-४ वाले (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्यांचे नवरा-बायको, मुलं) कोणी वाचत असतील तर, पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा लागत नाही. स्टँप संपला असेल तर नुसत्या आय-९४ वर (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) मेक्सिकोत घेत नाहीत, मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. आधी वकिलाला विचारा मग समोसे तळा.

नगरची_लेक
सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. पाळकांना मावळकरांचे सगळे प्रश्न विचारले, थोडे वैतागले पण कागद दाखवले, प्लॉट बाईच्या नावावर होता, चार वर्षांचे हप्ते फिटलेले. मग पाठवलं.

झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) दुपारी गेली, बुधवारी रात्री परत. येताना सॅन इसिद्रोच्या बॉर्डरवर लाइनीत साडेतीन तास. नाक उन्हाने सोललंय, अंगठ्याचं नख काळं आहे आणि बोलायला लागली की थांबत नाही. हिचं काम खिळे मारायचं होतं, पहिल्या दिवशी निम्मे वाकले. तर त्या घरातले आजोबा दिवसभर हिच्या मागे मागे, वाकलेला प्रत्येक खिळा उचलायचे आणि दगडावर ठेवून ठोकून सरळ करून दुधाच्या पावडरच्या डब्यात टाकायचे. हिला आधी वाटलं आपल्याला टोमणा मारतायत. तिसऱ्या दिवशी त्याच खिळ्यांनी त्यांनी जुन्या घराची गॅरेजची दारं मागच्या बाजूला ठोकली, चुलीला आडोसा म्हणून. टाकलं काहीच नाही.

परवापासून आमच्या समोरच्यांचं जुनं गॅरेज डोअर काढून अंगणात पडलंय. शाळेतून आली की आधी तिथे जाऊन उभी राहते. आज त्यांना विचारून आली, ते म्हणाले घेऊन जा. बापू, ते ट्रकवाले कोण असतात, नंबर कुठे मिळेल?