पंचवटीत तुमचा लॅपटॉप कुठल्या स्टेशनापर्यंत टिकतो?

नाशिकरोड (धागा काढणारा)
आठवड्यातून तीन दिवस पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. साधारण पावणेचार तासांचा प्रवास, आणि चालू चार्जिंग पॉइंट मिळाला तर नशीब. त्यामुळे बॅटरी मी तासांत मोजत नाही, स्टेशनांत मोजतो. लॅपटॉप २०१९चा, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११वर ठाण्यापर्यंत जातो. ‘लिनक्स हलकं असतं’ असं ऐकून सोबत उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, तर पहिल्याच दिवशी कसारा घाटात लॅपटॉपने मान टाकली. वेग मात्र वाढला, सगळं झटकन उघडतं. तुमचा अनुभव काय? मशीन कोणतं, ओएस (विंडोज, लिनक्स, मॅक) कोणती, काय काम करताना मोजलं ते लिहा. नुसतं ‘माझं मस्त चालतं’ नको.

इंदिरानगर
हलकं म्हणजे रॅम कमी खातं. वीजही कमी खाईलच असं नाही, इथेच सगळ्यांची गल्लत होते. तुमच्या घरातला चोर ते ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोजमध्ये काम नसलं की ते झोपतं, उबुंटूत बऱ्याचदा जागंच राहतं. टर्मिनलमध्ये ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ ही कमांड द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. माझ्याकडे पॉवरटॉपमध्ये (लिनक्सवर वीज किती जाते ते दाखवणारा प्रोग्राम) १६ वॅट दिसत होते, ते ७ वर आले. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम टाकणार असाल तर उबुंटूचं स्वतःचं पॉवर प्रोफाइल आधी काढा, दोघांचं एका घरात पटत नाही. आणि व्हिडिओ लावून मोजणार असाल तर जपून. ब्राउझर ते काम ग्राफिक्स चिपला न देता प्रोसेसरकडून करून घेत असेल, तर पंखा सुटतो आणि तुलना वाया जाते.

अंबड
एम-वन मॅकबुक एअर, २०२०चं. आत पंखाच नाही. बॅटरी ४९.९ वॅट-अवरची, म्हणजे तुमच्यापेक्षा फार मोठी नसावी, पण सकाळी चार्ज केलं की संध्याकाळी घरी येईपर्यंत चार्जर आठवत नाही. श्रेय एकट्या मॅकओएसला देऊ नका, चिपही तितकीच कारणीभूत आहे. रडगाणं एकच: आमचं अकाउंटचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. मग रिमोटने ऑफिसच्या पीसीवर जायचं आणि नेट गेलं की हात चोळत बसायचं.

पिंपळगाव बसवंत
आमच्याकडे निर्यातीच्या बागेचे कागद, ग्रेपनेटवर (द्राक्ष निर्यातीची ऑनलाइन यंत्रणा) नोंदणी, फवारणीचा हिशोब, एवढंच काम. लॅपटॉपचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. ऐन ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ हे मशीन घेईना. भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. चालू व्हायला तीन मिनिटं लागायची, आता अर्धं मिनिटही लागत नाही. बॅटरी होती तेवढीच आहे, दीड तास. पण सिंगल फेज गेली की तेवढ्यात काम उरकतं.

इंदिरानगर
भाऊ, भाच्याने हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) पण टाकली का?

पिंपळगाव बसवंत
हो, त्याच दिवशी. मग ते श्रेय कुणाचं?

गंगापूर रोड
मला वापरताना किती टिकते यापेक्षा झाकण मिटल्यावर किती जाते याचा त्रास. कॉलेजातून घरी येईस्तोवर बॅग तव्यासारखी गरम आणि बॅटरी निम्मी. हल्लीचे बरेच लॅपटॉप मिटल्यावर पूर्वीसारखे गाढ झोपत नाहीत, मोबाइलसारखे डुलकी घेतात, मध्येच उठून काहीबाही करतात. मी विंडोजमध्ये झाकण मिटताच हायबरनेट व्हायची, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून पूर्ण बंद व्हायची सेटिंग केली. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, पण चार्ज जातच नाही. लिनक्सवाल्यांनी हायबरनेट करून दाखवावं, मी दोन रविवार घालवून नाद सोडला.

म्हसरूळ
मी इन्व्हर्टर घेतला. विषय संपला.

सातपूर (लॅपटॉप दुरुस्ती करतो)
सगळे ओएसवर भांडताय, बॅटरीची तब्येत कुणी पाहिली? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ द्या. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतील. दुसऱ्या आकड्याला हजाराने भागून वॅट-अवर करा, त्याला लॅपटॉप जेवढे वॅट खातो तेवढ्याने भागा, तास मिळतील. माझ्याकडे येणारे बहुतेक लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जरला लावून १०० टक्क्यांवर ठेवलेले असतात, त्यात एप्रिल-मे महिन्यातलं आपलं ऊन. मशीनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर आजच लावा. आणि स्वस्तातली बॅटरी घेताना वरच्या स्टिकरवर जाऊ नका. एकाने कुठूनतरी आणलेली उघडली, तर आत छापल्याच्या निम्मेही सेल नव्हते.

नाशिकरोड
सातपूरच्या दादांनी डोळे उघडले. रिपोर्ट काढला: मूळ ४२ वॅट-अवर, आता २७. म्हणजे कसाऱ्याचं गणित साधारण जुळलं, इंदिरानगरसारखे १६ वॅट धरले तर पावणेदोन तासही होत नाहीत. इंदिरानगरच्या सल्ल्याने कार्ड बंद केलं, उजेड निम्मा केला, घाटात बोगदे लागले की मोबाइलचं हॉटस्पॉट बंद ठेवलं. आज उबुंटूवर दादर सुटताना ६ टक्के शिल्लक होते.

अंबड
आणि परतीच्या गाडीत?

नाशिकरोड
परतीला मी हायबरनेट होतो.