मदत हवी आहे: इंट्रॉन कापूनच टाकला जातो, तर त्यातील एका अक्षराने आजार कसा होतो?

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातील माझ्या छोट्या वर्गात मी गेली अकरा वर्षे बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अर्धेच देता आले. उरलेल्या अर्ध्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

ही मुलगी कळव्याहून येते. रक्त कमी आहे म्हणून दोन वर्षे तिला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण हिमोग्लोबिन १०.८ च्या पुढे सरकत नव्हते. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याच जुन्या अहवालातील आणखी दोन आकडे नीट पाहिले. तांबड्या पेशींची संख्या ५९ लाख होती, म्हणजे भरपूर. पेशीचे सरासरी आकारमान मात्र ६३ होते, जे एरवी ८० च्या वर असते. लोह कमी पडते तेव्हा सहसा पेशींची संख्याही घटते. येथे पेशी पुष्कळ, पण बारीक होत्या. पुढच्या चाचणीत हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार ५.३ टक्के निघाला (साडेतीनच्या वर गेला की बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाचा विचार करतात), आणि त्यानंतरच्या जनुकीय तपासणीत एक ओळ आली: ‘आयव्हीएस एक-पाच, जीऐवजी सी’, म्हणजे डीएनएमधील ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘सी’. वहीत चार घड्या घालून ठेवलेला तो कागद तिने माझ्यासमोर उघडला आणि विचारले, “मॅडम, आयव्हीएस म्हणजे इंट्रॉन ना? तुम्हीच सांगितलेत की इंट्रॉन कापून टाकतात. मग टाकून द्यायच्या तुकड्यात चूक असली तर काय बिघडले?”

प्रश्न अगदी रास्त आहे. जनुकाचा मजकूर सलग नसतो, मध्ये इंट्रॉन, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीतून कापून टाकले जाणारे तुकडे, असतात, हे १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले आणि त्यासाठी दोघांना १९९३ चे नोबेल मिळाले, इतके आम्ही वर्गात शिकवतो. मात्र पेशीला कापायची जागा कशी सापडते, हे एका वाक्यात उरकतो. मला वाटते, आपल्या शिकवण्यातील खरी उणीव तीच आहे.

मी तिला जे दाखवले ते असे. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात (हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारे जनुक) तीन एक्झॉन, म्हणजे शिल्लक राहणारे तुकडे, आणि दोन इंट्रॉन असतात, त्यांपैकी पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा. कागदाच्या लांब पट्टीवर पहिल्या एक्झॉनची शेवटची अक्षरे निळ्या शाईने लिहिली, ‘सी ए जी’, आणि लगेच पुढे इंट्रॉनची सुरुवात लाल शाईने: ‘जी टी टी जी जी टी’. या लाल अक्षरांतील पाचवे अक्षर ‘जी’ खोडून ‘सी’ केले की झाला तिच्या अहवालातला बदल. मग तिला म्हटले, की कात्री कुठे चालवायची याची खूण इंट्रॉनवरच आहे. खूण पुसट झाली तर कात्री चुकते.

इथवर ठीक होते, पण तिचा पुढचा प्रश्न मला अडवून गेला. इंट्रॉनची सुरुवात ‘जी टी’ने होते हा नियम पुस्तकात आहे, आणि तिच्या जनुकात पहिली दोन अक्षरे शाबूत आहेत. मग पाचव्या अक्षराला एवढे महत्त्व का? तसेच, वर्गाला हे शिकवताना तिचा अहवाल वापरावा का? ती स्वतः आनंदाने तयार आहे, पण माझे मन कचरते आहे.

प्रतिसाद १

ताई, मी नवी मुंबईत रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि हीच ओळ मी अनेक अहवालांवर पाहिली आहे. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन हेच आहे. (सिंधी कुटुंबांत ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असण्याचे प्रमाणही बरेच असते, त्यामुळे उल्हासनगरचा नमुना असला की आम्ही तेही आवर्जून तपासतो.)

आपल्या पट्टीवर आणखी एक पट्टी ठेवून पाहा. कापण्याची जागा प्रथम ओळखतो तो यू-वन नावाचा छोटा आरएनए, आणि तो डोळ्यांनी नव्हे तर जोड्या जुळवून ओळखतो, अगदी ए समोर यू आणि जी समोर सी अशा. त्याला पूर्ण जुळणारा नऊ अक्षरांचा आदर्श संच डीएनएच्या लिपीत लिहिला तर असा होतो: ‘सी ए जी’ आणि पुढे ‘जी टी ए ए जी टी’. आता बीटा ग्लोबिनची नऊ अक्षरे त्याखाली मांडा. निरोगी जनुकातसुद्धा नवांपैकी सातच जुळतात. लाल भागातील तिसरे आणि चौथे अक्षर मुळातच वेगळे आहे. म्हणजे ही पकड आधीच थोडी सैल असते, आणि त्यात पाचव्या जागचा ‘जी’ गेला की सहाच जोड्या उरतात. ‘जी टी’ आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही.

पकड सुटली की आसपासच्या, एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या तीन जागांवर कात्री चालू लागते. त्यांतील दोन पहिल्या एक्झॉनच्या आत आहेत, एक इंट्रॉनमध्ये. जनुकाची थोडी आरएनए प्रत तरीही योग्य जागी कापली जाते, म्हणून या प्रकाराला ‘बीटा शून्य’ (बीटा साखळी अजिबात न बनणे) न म्हणता ‘बीटा प्लस’ म्हणतात, परंतु तो त्यातला तीव्र प्रकार आहे.

प्रतिसाद २

मी कोपरखैरण्याला राहते आणि मी स्वतः वाहक आहे. आपले मन कचरते आहे ते बरोबरच आहे, मॅडम. अहवाल एकट्या त्या मुलीचा नसतो. हा बदल बहुधा तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असणार, म्हणजे वर्गात तो वाचून दाखवणे हे त्या घराचे गुपित न विचारता उघडे करणे होईल. आमच्याकडे माझी गोष्ट नातेवाइकांत पसरली तेव्हा ‘मुलीला रक्ताचा आजार आहे’ असा तिचा अर्थ लावला गेला, आणि तो पुसायला फार दिवस लागले. वाहक आजारी नसतो. दुसऱ्या गुणसूत्रावरील चांगल्या जनुकावर त्याचे आयुष्य नीट चालते. दोघेही जोडीदार वाहक असले तरच प्रत्येक गर्भारपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचे तीव्र रूप, असण्याची शक्यता चारांत एक असते. तिला हे सांगा, तिच्या भावंडांची तपासणी सुचवा, आणि लोहाच्या गोळ्या फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) पाहूनच घ्यायच्या हे घरच्यांना आवर्जून सांगा. समुपदेशनासाठी परळला केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था जवळ आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अहवाल मी वर्गात वापरला नाही. तिच्या आईवडिलांना बोलावून वाहक असण्याचा अर्थ समजावला आणि धाकट्या भावाची तपासणी या रविवारी ठरली. वर्गात फक्त पट्ट्या नेल्या. यू-वनची पट्टी वर ठेवून जोड्या मोजताना मुलांनी सात आणि सहा हे आकडे स्वतःच काढले.

त्यानंतर आम्ही त्या तीन चुकीच्या जागा शोधल्या. एक्झॉनमधील जागांवर कापले तर अनुक्रमे ३८ आणि १६ अक्षरे गळतात. या दोन्ही संख्यांना तिनाने भाग जात नाही, त्यामुळे पुढची सगळी कोडॉनची (तीन-तीन अक्षरांच्या गटांची) वाचणी सरकते, हे मुलांना लगेच पटले. इंट्रॉनमधील जागेवर मात्र १२ अक्षरे जादा राहतात. ‘जी टी टी जी सी टी ए टी सी ए ए जी’ असा तो तुकडा तीन-तीन अक्षरांनी वाचला, पुढच्या एक्झॉनला जोडून पाहिला, आणि मध्ये कुठेही थांबण्याचा कोडॉन आला नाही. म्हणजे वाचणी सरकत नाही, फक्त चार अमिनो आम्ले जास्त येतात. त्या मुलीने पट्टी हातात धरून विचारले, की मग निदान या तिसऱ्या वाटेने तयार होणारी साखळी हिमोग्लोबिनमध्ये का चालू नये. बीटा साखळीत एकूण १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांत तिसाव्या कोडॉनपाशी चार जादा घुसली तर घडी नेमकी कुठे बिघडते, हे प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्या कोणी समजावून सांगू शकेल का? पुढचा तास गुरुवारी आहे.