कथेत मीच बोलतोय, पात्रं गप्प आहेत. काय करू?

रामबागकर
पहिलीच कथा लिहितोय, आपल्या इंदूरचीच, दोन भाऊ जुनं घर विकायला सहा वर्षांनी भेटतात. मित्र म्हणाला सगळं तूच सांगतोयस. सुरुवात अशी आहे, "वाटणीच्या भांडणानंतर दोघांत अबोला होता. दादा आता थकला होता." संवादात आणायला गेलो तर हे झालं: "दादा, सहा वर्षांपूर्वी आपलं वाटणीवरून भांडण झालं होतं ना!" वाचून मलाच हसू आलं.

जेलरोडची_सून
हाहा, निवेदनालाच अवतरणचिन्हं लावलीत की. जे दोघांनाही माहीत आहे ते एकमेकांना कशाला सांगतील? भांडणाचं नावच काढू नका. धाकटा चहा आणतो,
"दोन चमचे घातलीये साखर."
"बंद केली."
"कधीपासून?"
"झाली चार वर्षं. शुगर निघाली."
"मला कोणी बोललं नाही."
"तुम्ही विचारलंत कुठे."
मोठा भाऊ धाकट्याला तुम्ही म्हणतोय, बस. नंतर कधीतरी चुकून त्याच्या तोंडून "अरे" निघू द्या.

सराफा_रात्री_११
तुम्ही वालं भारीच. पण सगळंच संवादात नका घालू हं, मी एकदा अख्खी कथा नुसत्या संवादांत लिहिली तर दहाव्या ओळीला कोण बोलतंय ते मलाच कळेना. मधले आठ दिवस वगैरे एका वाक्यात उडवा. आणि ब्रोकर असेल तर त्याला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका प्लीज, तो "भिया, रजिस्ट्री कब करना है" असंच म्हणणार आणि दादाही त्याला हिंदीतच उत्तर देणार, मग भाव ठरवताना त्याच्यासमोरच दोघं हळूच मराठीत बोलतात, म्हणजे इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एका बाजूला येतात, ते तुम्हाला वेगळं सांगावंच लागत नाही. (अर्थात इथल्या ब्रोकरला मराठी कळतं, तो भाग वेगळा.)

रामबागकर
हे तर सुचलंच नव्हतं! आणि थकला होता त्याचं काय? दादा जिन्यात मधेच थांबतो आणि म्हणतो "हा कठडा कधी बदलला रे?" चालेल?

जेलरोडची_सून
"रे" आत्ताच नको, ते राखून ठेवा. बाकी चालेल. कठडा बदललेलाच नसेल तर अजून चालेल.