स्वतःच्याच क्लोनला मारलं तर खून, हत्या की आत्महत्या?

अडलेला_अनुवादक: भाच्यासाठी 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'च्या एका भागाची गोष्ट मराठीत लिहितोय, 1993 चा 'अ मॅन अलोन'. इबुदान नावाचा एक स्मगलर बंद खोलीत भोसकलेला सापडतो, संशय पोलीसप्रमुख ओडोवर, कारण त्याला रूप बदलता येतं, फटीतूनही शिरेल. शेवटी कळतं मेलेला क्लोन होता आणि मारणारा इबुदानच! ओडो म्हणतो आपला क्लोन मारला तरी तो मर्डरच. मी 'खून' लिहिलं, ताई म्हणते 'हत्या' कर, खून म्हणजे रक्त.

शुद्धमती: ताईंचं बरोबर. खून फारसी, मूळ अर्थ रक्तच. हत्या असताना उसनं कशाला?

खवचट_काका: मग 'नारायणरावाची हत्या' म्हणा बघू. 1773 पासून खूनच म्हणतोय आपण. ध चा मा झाला तरी खुनाचा काही हत्या झाला नाही.

गोदाकाठ: लहानपणी हिंदी पिक्चरमधे डॉक्टर 'खून चाहिए' म्हणाला की मला वाटायचं आता हा कुणाला मारायला सांगतोय 😄

शुद्धमती: विनोद पुरे. गांधीहत्या, भ्रूणहत्या, गोहत्या. निष्पापाला मारलं की हत्या, दुष्टाला मारलं की वध, अफझलखानाचा झाला तसा. इबुदान स्मगलर, तेव्हा वधसुद्धा चालेल.

कोर्टातला_कारकून: वधाला एवढं तेज नाही हो, आमच्याकडे 'सदोष मनुष्यवध' रोज येतो, त्यात मेलेला दुष्ट असावा लागत नाही. आणि गुन्हा 'खुनाचा'च, फक्त 302 चं 1 जुलै 2024 पासून 103 झालं, तरी लोक अजून तीनशेदोनच म्हणतात. माझी अडचण वेगळीच, पंचनाम्यात 'मयत व आरोपी एकच इसम' असं लिहू का?

ट्रेकवेडा: एकच कसा, क्लोनला स्वतःचा जीव होता ना, म्हणून तर आत्महत्या नाही. पण मूळ स्टार ट्रेकमधला 1967 चा 'वुल्फ इन द फोल्ड' भाग बघा, आळ यानाच्या इंजिनिअरवर, स्कॉटीवर, मारणारं मात्र बिनशरीराचं, भीतीवर जगणारं काहीतरी, तेच म्हणे पूर्वी जॅक द रिपर होतं. त्याला खुनी म्हणायचं की पिशाच्च?

गोदाकाठ: शेवट फोडलात दोन्हीचे, धन्यवाद 🙏

शुद्धमती: आणि क्लोन काय? कृंतक म्हणा.

खवचट_काका: कृंतक म्हणजे उंदीर-घुशींचा गण ना? मग इबुदानने घूस मारली, प्रश्नच मिटला.

अडलेला_अनुवादक: अहो पण मी लिहू काय??

पेठेतला: खून म्हणजे रक्त हे मराठीत अगदीच नाही असं नाही हं, सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर घ्या. देवाने कुणाला मारलेलं नाही, प्रतिष्ठापनेच्या वेळी अरब पहारेकरी आणि इंग्रजांच्या शिपायांत रक्तपात झाला म्हणून ते नाव, असं आजोबा सांगायचे.

गोदाकाठ: आणि उपाशी विठोबा? त्याला कुणी उपाशी ठेवलं?